जड ट्रेनिंगच्या दिवसांतली रात्रीची भूक: बेळगाव भागातल्या नवख्या धावपटूंसाठी आणि सायकलवाल्यांसाठी

दिवाळी उलटली की आमच्याकडचं ट्रेनिंग चढायला लागतं. पाऊस सरलेला असतो, पहाटे मस्त गारवा असतो, जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची नावनोंदणी झालेली असते आणि टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर रोज नवे चेहरे दिसतात. दोन-तीन आठवडे गेले की यातल्या बहुतेकांचा एकच प्रश्न येतो. साडेनऊला पोटभर जेवतो, तरी अकराला पोटात कावळे ओरडतात. काही खाऊ, की पाणी पिऊन तसाच झोपू?

खा. भुकेल्या पोटी झोपू नका. रात्री खाल्लं की सगळी चरबीच होते, हे आपल्याकडे लहानपणापासून ऐकवलं जातं. दिवसभर बसून काम करणाऱ्याला सांगताना त्यात थोडंफार तथ्य असेलही. आठवड्याला पाच-सहा दिवस तास-दीड तास घाम गाळणाऱ्याला तोच नियम लावला, तर त्याचं नुकसान होतं. मात्र काय खायचं, किती, कधी, आणि मुळात ती भूक आली कुठून, हे कळून खाल्लं पाहिजे.

हा लेख हाफ मॅरेथॉन किंवा त्याहून लांबची तयारी करणाऱ्यांसाठी, २०० किलोमीटरपासूनच्या ब्रेव्हे (ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) मारणाऱ्या सायकलवाल्यांसाठी, आणि भरतीची तयारी म्हणून सकाळ-संध्याकाळ पळणाऱ्या खानापूर, येळ्ळूर, कडोली, उचगावकडच्या पोरांसाठी आहे. रोज अर्धा तास फिरायला जाणाऱ्यांना यातलं फारसं लागू नाही.

आधी थोडा हिशोब

पळताना किलोमीटरमागे, वजनाच्या दर किलोला साधारण १ कॅलरी खर्च होते. ६० किलोचा माणूस १८ किलोमीटर पळाला की हजारभर कॅलरी गेल्या. ५०-६० ग्रॅम पिठाची जोंधळ्याची एक भाकरी म्हणजे साधारण २०० कॅलरी. म्हणजे एका सकाळी पाच भाकऱ्या रस्त्यावर सांडल्या, आणि त्या रोजच्या जेवणाच्या वर भरून काढायच्या आहेत.

शरीरात पिष्टाचा, म्हणजे कार्बोहायड्रेटचा साठा दोन ठिकाणी असतो. स्नायूंत ३०० ते ५०० ग्रॅम आणि यकृतात ८० ते १०० ग्रॅमच्या आसपास. स्नायूंतला साठा त्या स्नायूलाच कामाला येतो, तो रक्तात परत देता येत नाही. रात्रभर मेंदूला साखर पुरवायचं काम यकृताचं. त्यामुळे संध्याकाळी यकृत भरलेलं नसेल, तर झोप लागायच्या आधी तरी भूक डोकं वर काढते, नाहीतर पहाटे दोन-तीनला जाग आणते.

आणखी एक गोष्ट नवख्यांना चकवते. जोरात पळून आल्यावर तास-दोन तास भूक मरते. माणूस म्हणतो, आज खावंसंच वाटत नाही, आणि चहावर भागवतो. ती भूक कुठे जात नाही, संध्याकाळी व्याजासकट परत येते.

पायरी १: चार दिवस वहीत लिहा

काय खाल्लं यापेक्षा किती वाजता खाल्लं ते आधी लिहा. साधी वही पुरे. घरच्या भाकरीचा आकार मोबाइलमधल्या अ‍ॅपला कळत नाही. चार दिवसांनी पानं उघडली की बहुतेकांच्या वहीत हेच दिसतं: पहाटे सव्वापाचला पळायला, सातला घरी, चहा आणि दोन टोस्ट, नऊला कामावर, दीडला डब्यात दोन चपात्या आणि भाजी, पाचला पुन्हा चहा, सातला जिम किंवा दुसरं ट्रेनिंग, साडेनऊला जेवण. संध्याकाळी पाचपर्यंत दिवसाच्या खाण्याचा तिसरा हिस्साही पोटात गेलेला नसतो. अशा माणसाला रात्री अकराला भूक लागली नाही तरच नवल.

म्हणून रात्रीचा इलाज सकाळपासून सुरू करायचा. पळून आल्यावर तासाभरात वजनाच्या दर किलोला साधारण १ ग्रॅम पिष्ट आणि २० ते २५ ग्रॅम प्रथिनं पोटात गेली पाहिजेत. ६० किलोच्या माणसाला पाऊणशे ग्रॅम सुक्या पोह्यांचे कांदेपोहे, दोन उकडलेली अंडी आणि एक पेला दूध घेतलं की दोन्ही भागतं. अंडी चालत नसतील तर पोह्यात मूठभर शेंगदाणे घाला, दूध घ्याच. भूक नसली तरी खायचं. घास उतरतच नसेल तर आधी दूध-केळं घ्या आणि पोहे डब्यातून न्या.

दुपारच्या डब्यात भात वाढवा. संध्याकाळी चहा-बिस्किटांऐवजी केळं आणि मूठभर फुटाणे, किंवा शेंगदाण्याचा लाडू. आमच्या ग्रुपमधल्या बऱ्याच जणांची रात्रीची भूक एवढ्या बदलानंच निम्म्यावर आली. उरलेली निम्मी ही ट्रेनिंगची खरी गरज. तिला दाबू नका, तिच्यासाठी सोय करा.

पायरी २: रात्रीचं जेवण जागेवर आणा

संध्याकाळचं ट्रेनिंग आठपर्यंत आटोपत असेल तर साडेआठ-नऊला जेवा, म्हणजे झोपेपर्यंत दोन तास मिळतात. ट्रेनिंगच नऊला संपत असेल तर जेवण दोन भागांत करा. सहाला निघण्याआधी एक चपाती-भाजी किंवा एक वाटी उपीट, आणि आल्यावर आमटी-भात. सगळं एकदम साडेदहाला खाऊन आडवं झालं की छातीत जळजळतं, झोप मोडते, आणि दोष बिचाऱ्या भातावर जातो.

भाताला घाबरू नका. खानापूर तालुका भाताचा, आपल्या आज्या-पणज्या शेतात दिवसभर राबून भातच खात आल्या. जड ट्रेनिंगच्या दिवसांत रात्रीच्या ताटात भात हवाच. भाकरी उत्तम, पण तिच्यात चोथा जास्त. दुसऱ्या दिवशी लांबचं पळायचं असेल तर आदल्या रात्री भाकरी एक आणि भात जास्त, म्हणजे पहाटे पोट हलकं राहतं. मटकी, हरभऱ्याची उसळ, झणझणीत ठेचा आणि वर तेलाचा तवंग असलेली आमटी दुपारच्या ताटात ठेवा. रात्री वरण, मुगाची आमटी, अंडी, पनीर, मासे यांतलं काहीतरी घ्या.

पायरी ३: झोपण्याआधीची वाटी

आता मूळ मुद्दा. जेवण वेळेवर झालं, दिवसाचं खाणंही सुधारलं, तरी जड दिवसाच्या रात्री दहा-साडेदहाला भूक लागते. तेव्हा २०० ते ३५० कॅलरींचं, मऊ, सौम्य, कमी तेलाचं काहीतरी खा. झोपायच्या अर्धा-पाऊण तास आधी. त्यात पिष्टही हवं आणि प्रथिनही हवं. नुसतं गोड खाल्लं की भूक लवकर परत येते.

आपल्या घरात यासाठी सगळ्यात चांगली गोष्ट आधीच आहे: दहीबुत्ती. रात्रीचा भात होतो तेव्हाच एक मोठी वाटी गरम भात बाजूला काढा. तो गरम असतानाच डावाच्या पाठीनं चांगला मोडा, शीत शीत राहता कामा नये. कोमट झाला की त्यात अर्धा पेला कोमट दूध घाला, मग तीन-चार चमचे ताजं दही आणि मीठ, आणि झाकून ठेवा. नऊला कालवलेली दहीबुत्ती साडेदहापर्यंत दुधामुळे मऊ राहते आणि आंबट होत नाही. नुसत्या दह्यात कालवली तर तेवढ्या वेळात ती घट्ट गोळा होते. खाताना आणखी थोडं दही मिसळा. फोडणी द्यायचीच तर अर्धा चमचा तेलात मोहरी, जिरं, कढीपत्ता. हिरवी मिरची नको. आलं किसून चिमूटभर चालतं. घामातून गेलेलं मीठही या वाटीतून परत मिळतं, ही तिची आणखी एक जमेची बाजू. नुसत्या पाण्यापेक्षा मिठासोबतचं पाणी शरीरात टिकून राहतं.

दहीबुत्तीचा कंटाळा आला की दूधभात. किंवा नाचण्याची आंबील, पातळ, ताकातली किंवा दूध-गुळातली. एक केळं आणि एक पेला दूध हा सगळ्यात कमी खटपटीचा पर्याय, होस्टेलवर राहणाऱ्यांनी हाच धरावा. तिखट न घातलेलं दोन अंड्यांचं आम्लेट आणि एक चपाती. दुधात भिजवलेले चुरमुरे आणि थोडा गूळ, हे लहान मुलांचं खाणं वाटेल, पण थकलेल्या पोटाला फार सोसतं.

दूध-दह्यावर माझा एवढा भर का, त्यालाही कारण आहे. दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन असतं. ते पोटात घट्ट होतं, हळूहळू पचतं आणि रात्रभर थोडं थोडं रक्तात उतरत राहतं. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं की संध्याकाळी व्यायाम करून झोपण्याआधी ४० ग्रॅम केसीन घेतलेल्या तरुणांच्या स्नायूंची रात्रीची बांधणी वाढते. हे ऐकून लगेच प्रोटीन पावडरचे डबे विकत घ्यायला धावू नका. एका पेल्यात म्हणजे पाव लिटर दुधात ८ ग्रॅमच्या आसपास प्रथिन असतं, ४० ग्रॅमसाठी सव्वा लिटर प्यावं लागेल. तेवढं कुणी पीत नाही आणि पिऊही नये. आधी दिवसभरात वजनाच्या दर किलोला दीड ग्रॅमच्या आसपास प्रथिन पूर्ण करा. रात्रीच्या वाटीतून १०-१५ ग्रॅम मिळालं तरी पुष्कळ. पनीर परवडत असेल तर ५० ग्रॅम पनीर वाटीसोबत खाल्लं की आणखी ९-१० ग्रॅमची भर पडते.

कुंद्याबद्दल सगळे विचारतात, बेळगावात ते ओघानं आलंच. कुंदा आटवलेल्या दुधाचा असला तरी साखर भरपूर. रविवारी मोठी राइड मारून आलात, तर संध्याकाळी दोन चमचे आनंदानं खा. रोज रात्रीची भूक त्यावर भागवू नका. गोकाकच्या करदंटाचं वेगळं. त्यात सुकामेवा, डिंक, गूळ असतो, तुकडा लहान आणि ताकद मोठी. पण तो पचायला जड, म्हणून झोपण्याआधी नको, लांबच्या राइडला खिशात ठेवा.

काहीही गोड खाल्लं की झोपण्याआधी दात घासा. झोपेत लाळ कमी होते आणि दातांवर राहिलेली साखर रात्रभर आपलं काम करत राहते.

काय टाळायचं

चहा. हे आपल्याकडे सगळ्यात अवघड आहे, कारण कुणाच्या घरी गेलो की चहा, ट्रेनिंग संपलं की टपरीवर चहा. चहा-कॉफीतलं कॅफीन निम्मं व्हायलाच पाच तासांच्या आसपास लागतात. साडेचारनंतर चहा बंद करून आठवडाभर बघा, झोपेत फरक कळेल. शिवाय जेवणासोबतच्या चहानं अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. पळणाऱ्या मुलींना आणि बायकांना हे विशेष महत्त्वाचं आहे. जेवण आणि चहा यांच्यात किमान तासाभराचं अंतर ठेवा.

भडंग, मिरची भजी, फरसाण, दोन मिनिटांचे नूडल्स: तेल आणि तिखट रात्री पोटात तासन् तास बसून राहतं. दारूनं झोप लागल्यासारखी वाटते, पण ती तुटक असते, आणि स्नायूंची दुरुस्ती मंदावते. रविवारच्या लांब पळण्यानंतर संध्याकाळी पार्टी ठरवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

पाण्याचा बहुतेक वाटा नऊपर्यंत संपवा. दिवसभर विसरून रात्री दहाला लिटरभर पाणी प्यायलं, तर दोनदा उठावं लागतं.

ज्यांना आधीच आम्लपित्ताचा त्रास आहे त्यांनी वाटी लहान ठेवावी, खाणं आणि झोपणं यांत दीड-दोन तास सोडावेत, डाव्या कुशीवर झोपावं आणि पलंगाची उशाकडची बाजू विटेनं उचलून घ्यावी. नुसत्या दोन उशांनी मान दुखते आणि जळजळ तशीच राहते.

पायरी ४: रात्री दोनला जाग आली तर

उशाशी छोटा डबा ठेवा. दोन खजूर, राजगिऱ्याची एक वडी, किंवा गूळ-शेंगदाणे. मोठा दिवा लावायचा नाही, मोबाइल हातात घ्यायचा नाही, चार घास खाऊन दोन घोट पाणी पिऊन परत झोपायचं. एखाद्या रात्री असं झालं तर काळजी नको. आठवड्यात दोन-तीनदा व्हायला लागलं, तर दिवसाचं एकूण खाणं कमी पडतंय असा त्याचा अर्थ. पुन्हा वही काढा.

मधुमेहावर इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र हे सगळं आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. लांबच्या व्यायामानंतर कित्येक तासांनी, झोपेतसुद्धा साखर खाली जाऊ शकते. रात्री घामाघूम होऊन, थरथरत जाग आली तर लगेच साखर तपासा, तपासायची सोय नसेल तर आधी साखर खा, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना गाठा.

पायरी ५: लांबच्या पळण्याची आदली रात्र, आणि मध्यरात्री संपणारी राइड

रविवारी साडेचारला राकसकोपकडे किंवा राजहंसगडाच्या चढाला निघायचं असेल तर शनिवारी आठला जेवण उरका. भात, पातळ वरण, तूप, शिजलेली साधी भाजी. साडेनऊला लहान वाटी आणि लगेच झोप. पहाटे उठल्यावर एक केळं किंवा गूळ लावलेली अर्धी चपाती, कारण रात्रीतून यकृत बरंच रिकामं झालेलं असतं. आदल्या रात्री दुप्पट जेवून साठा भरत नाही. मॅरेथॉनसारख्या दीड तासाच्या वरच्या शर्यतीसाठी दीड-दोन दिवस आधीपासून रोज वजनाच्या दर किलोला १० ते १२ ग्रॅम पिष्ट जातं. ते सगळं एका ताटात मावणारं नाही.

ब्रेव्हेचं गणित आणखी वेगळं. ३०० किलोमीटरला २० तासांची मुदत असते, पहाटे सहाला सुटलेला माणूस रात्री एक-दोनलाही पोचतो. तेव्हा पोट अन्न नाकारतं, वास नको होतो. जबरदस्ती करू नका. आधी मिठाची पेज किंवा ताक, घोट घोट. वीस-पंचवीस मिनिटं बसा, अंग पुसा, कपडे बदला. मग दूधभात किंवा दहीबुत्ती, जमेल तेवढी. घरी कुणी जागं राहू शकत नसेल तर निघायच्या दिवशीच सांगून पेज थर्मासमध्ये भरून ठेवायला लावा. पुणे-बेंगळुरू हायवेवर संकेश्वर-निपाणीकडे रात्री धाब्यावर थांबायची वेळ आली, तर साधी डाळ, भात आणि दही मागा. लाल तर्रीची भाजी पुढच्या ५० किलोमीटरमध्ये त्रास देते.

पायरी ६: सेकंड शिफ्टवाल्यांसाठी

उद्यमबागेतल्या फाउंड्रीत, मशीन शॉपमध्ये कामाला असणारी आणि मनापासून पळणारी बरीच पोरं आहेत. दुपारी तीन-साडेतीनला जायचं, रात्री बाराच्या सुमाराला सुटायचं. त्यांना दहाला झोपा असं सांगून काय उपयोग?

त्यांनी शिफ्टमधल्या सुटीतलं खाणं हेच रात्रीचं जेवण समजावं आणि डबा तसाच भरून न्यावा: भात, आमटी, दोन चपात्या, अंडी किंवा उसळ. वडापाव-चहावर ती वेळ काढायची नाही. भट्टीजवळ काम असेल तर घाम पळण्याइतकाच जातो, म्हणून मीठ घातलेलं ताक बाटलीतून न्या आणि शिफ्टभर प्या. घरी आल्यावर साडेबाराला झोपण्याआधीची लहान वाटी, एकला झोप. आणि पहाटे पाचला ग्रुपसोबत पळायचा हट्ट सोडा. चार तास झोपून मारलेले १५ किलोमीटर अंगी लागत नाहीत. नऊ वाजता एकट्यानं पळा, आठवड्याच्या सुटीला ग्रुपमध्ये या.

पायरी ७: संकष्टी आणि एकादशी

आपल्याकडे उपास सुटत नाही, आणि तो सोडा असं मी सांगणारही नाही. फक्त जड ट्रेनिंग त्या दिवशी ठेवू नका. ते आदल्या दिवशी करा.

संकष्टीला चंद्रोदय महिन्यागणिक बदलतो, कधी साडेआठला तर कधी दहाच्या आसपास. दिवसभराची भूक, मग उशिरा पूर्ण ताट आणि मोदक, आणि पहाटे पाचला पळणं, हा मेळ बसत नाही. दिवसा दूध, केळी, उकडलेली रताळी, शेंगदाणे व्यवस्थित खा. चंद्र बघून जेवताना नेहमीपेक्षा थोडं कमीच खा आणि दुसऱ्या दिवशी पळायला उशिरा निघा. एकादशीला साबुदाण्यात प्रथिन जवळजवळ नसतं, म्हणून खिचडीत शेंगदाण्याचं कूट सढळ हातानं घाला आणि सोबत दही घ्या. रात्री वरीचा भात आणि ताक ही उपासाची चांगली वाटी आहे. पाणीही न घेण्याचा उपास आणि लांबचं पळणं एका दिवशी कधीच करू नका.

पायरी ८: घरच्यांशी बोला

रात्री साडेदहाला स्वयंपाकघरात दिवा लागला की आतून आवाज येतोच, "आत्ता ह्या टायमाला काय खायलायस रे?" त्यात काळजी असते. आई-आजीला एकदा नीट सांगा, की सकाळी एवढं पळतो, म्हणून रात्री एवढं लागतं, आणि जेवण होतानाच एक वाटी भात जास्त लावा. वाटी तयार असली की भांड्यांचा आवाज नाही, कुणाची झोपमोड नाही.

पोराला हे विचारून मिळतं. सुनेला ते इतकं सोपं नसतं, आणि हे मला इथे स्पष्ट लिहायचं आहे. आमच्याकडे पळणाऱ्या बायका वाढल्यात, फार आनंदाची गोष्ट आहे. पण त्यातल्या कितीतरी जणी पहाटे पळून येतात, सगळ्यांचे डबे करतात, स्वतः उरलेल्यात भागवतात, आणि रात्री सगळ्यांच्या मागून जेवतात. भूक लागली तरी सासूबाई काय म्हणतील म्हणून फ्रिज उघडत नाहीत. वहिनी, काकू, तुम्हाला माझं सांगणं आहे: पळून आल्यावरचा नाश्ता डबे भरण्याच्या आधी, बसून करा. रात्रीची वाटी स्वतःच्या नावानं आधी काढून ठेवा. आणि घरातल्या पुरुषांनी ती वाटी कालवून ठेवायला शिकावं.

खर्चापेक्षा खाणं बराच काळ कमी राहिलं की शरीर एकेक काम बंद करत जातं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४ मध्ये या अवस्थेला रेड-एस असं नाव दिलं. पाळी लांबणं किंवा बंद होणं, नडगीच्या किंवा पायाच्या हाडात तडा जाणं, सारखी सर्दी, चिडचिड, वेग न वाढणं, झोप न लागणं ही त्याची लक्षणं. पुरुषांनाही होतं, भरतीच्या नादात कमी खाऊन दोनदा पळणाऱ्या अठरा-एकोणीसच्या पोरांना तर नक्कीच होतं, त्यांची अजून वाढ चालू असते. पळायला लागल्यापासून पाळी बंद झाली म्हणजे फिटनेस वाढला, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. तीन महिने पाळी आली नाही, किंवा हाडावर एकाच जागी बोट ठेवल्यावर कळ येत असेल, तर पळणं थांबवून डॉक्टरांकडे जा.

पायरी ९: दोन आठवड्यांनी काय बघायचं

वजन कमी करण्यासाठी पळणाऱ्यांनी जड दिवसाची वाटी कापू नये. विश्रांतीच्या दिवशी ती निम्मी करावी किंवा भूक नसेल तर सोडावी. बाकीच्यांनी दर सोमवारी सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, पाणी प्यायच्या आधी वजन करून वहीत लिहावं. रोज काट्यावर उभं राहू नका, पाण्याच्या फरकानं किलोभर इकडेतिकडे होतंच. वजनाशेजारी आणखी तीन गोष्टी लिहा: रात्री किती वेळा जाग आली, पहाटे उठताना पाय जड होते का, आणि नाश्त्याच्या वेळी भूक होती का. सकाळी अजिबात भूक नसेल आणि तोंड आंबट असेल तर रात्रीची वाटी मोठी होतेय किंवा उशिरा होतेय. ती अर्ध्या तासानं अलीकडे आणा आणि चार-पाच चमच्यांनी कमी करा. उलट, वजन उतरवायचा बेत नसताना दोन आठवड्यांत ते किलोहून जास्त उतरलं, तर रात्रीच्या वाटीत अर्धी वाटी भात वाढवा आणि दुपारच्या डब्यात एक चपाती.